ओटूंचा कार्यक्रम

बॅनर उलगडला तेव्हा एसिल्फी मास्तरांनी चष्मा पुसून तो पुन्हा एकदा वाचला.

फोटो उत्तम आला होता. ताठ कॉलर, पिळदार मिशा, पामतेलाच्या व्यापारात चांगला पैसा केलेल्या माणसाची तृप्त नजर. शंभर वर्षांपूर्वी एसुआनो गावाला हॉल बांधून देणारे जे. डब्ल्यू. ओटू अगदी शोभून दिसत होते. घोटाळा होता तो फोटोभोवती. काळी-लाल सुतकी किनार, वरच्या कोपऱ्यांत दोन पांढरी कबुतरं आणि त्यांच्या मधोमध सोनेरी अक्षरांत ‘देवाने घरी बोलावून घेतले’. ‘ओटू हॉल वाचवा’ हे शब्दही होते, नव्हते असं नाही, पण तळाशी, मुंगीच्या पायाएवढे.

मास्तरांनी केप कोस्टच्या छापखान्याला फोन लावला. छापणारा शांत होता. आठवडाभर आपण मयतांचेच बॅनर छापतो, हात आपोआप त्याच वळणावर जातो, असं त्याने सांगितलं. शिवाय ती किनार महागातली होती आणि तिचे त्याने वेगळे पैसे लावले नव्हते. मास्तरांनी शेवटी त्याचे आभार मानून फोन ठेवला.

हॉल समितीच्या खजिनदार आंटी एकुआ यांची गावात पावाची भट्टी होती आणि जगातला कुठलाही प्रश्न दुपारच्या आत सुटतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी आपला टेबलक्लॉथ आणून सोनेरी अक्षरांवर टाचणीने अडकवला.

“मास्तर, लोक वर बघत नाहीत,” त्या म्हणाल्या. “ताटात काय आहे ते बघतात.”

मास्तरांनी उभा जन्म भूगोल शिकवण्यात घालवला होता आणि निवृत्तीनंतर हॉल समितीचं सचिवपद अंगावर घेतलं होतं. त्याला कारण होतं. गावातली लग्नं, गायनाच्या स्पर्धा, निवडणुका, सगळं त्या हॉलमध्ये झालेलं. खालचा मजला दगडी, वर लाकडी सज्जा आणि समुद्राकडे उघडणाऱ्या हिरव्या खिडक्या. ज्या बाईशी पुढे मास्तरांनी लग्न केलं, तिच्याबरोबर ते पहिल्यांदा नाचले ते तिथेच, आणि तिच्या पायावर पाय देऊन तिची चप्पल तोडली तीही तिथेच. आता बाई नव्हती आणि हॉलचं छप्परही जवळजवळ नव्हतं. जिल्हा कचेरीने कळवलं होतं, की पावसाळ्याच्या आत छप्पर झालं नाही तर इमारत पाडून तिथे लॉऱ्या उभ्या करायची जागा होईल.

त्यासाठी हा निधीचा कार्यक्रम. अध्यक्ष म्हणून राजधानीहून, आक्राहून, डॅडझीसाहेब यायचे होते. ते मूळचे गावचेच, आता मोठे बांधकाम ठेकेदार. बोलायला लागले की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. आजवर त्यांनी गावाला पाण्याची टाकी, रुग्णवाहिका आणि फुटबॉलचं मैदान दिलं होतं, सगळं भाषणातच. पण या खेपेला ते खरंच काही देतील असं मास्तरांना वाटत होतं. मास्तरांचा स्वभावच तसा होता.

हॉलसमोर मांडव पडला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या लागल्या, बँडवाले बसून संत्री सोलू लागले. ठरलेली वेळ टळून गेली तरी खुर्च्या रिकाम्याच. डॅडझीसाहेबांचा पत्ता नाही. मास्तर वाटेकडे डोळे लावून बसले असताना वळणावरून दोन बसेस आल्या. दूरच्या कुमासी शहराच्या बसेस. मास्तरांचा ऊर भरून आला. कुमासीच्या एका जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळाला त्यांनी आमंत्रण पाठवलं होतं, पण दोन बसेस भरून माणसं येतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

माणसं उतरली. सगळी काळ्या-लाल कपड्यांत. मंडळाचा गणवेश असावा, असं मास्तरांनी धरलं. नेमका त्याच वेळी समुद्रावरून वारा आला आणि आंटी एकुआंचा टेबलक्लॉथ टाचणीसकट उडून बँडवाल्यांच्या संत्र्यांवर पडला. बायकांनी बॅनरकडे पाहिलं, डोक्यावर हात ठेवले आणि मोठ्याने रडायला सुरुवात केली.

मास्तर हेलावून गेले. पडक्या इमारतीसाठी इतक्या लांबून येऊन रडणारी माणसं त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

पाहुण्यांचे म्होरके नाना ड्वोमो हे भारदस्त वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी पहिल्या रांगेतल्या सगळ्यांशी, म्हणजे मास्तर, आंटी एकुआ आणि एका झोपलेल्या तुतारीवाल्याशी, उजवीकडून रीतसर हस्तांदोलन केलं आणि मास्तरांशेजारी बसले.

“त्रास कधी सुरू झाला?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

“दोनेक वर्षं झाली, नाना. आधी वरचा भाग गेला. मग आत पाणी शिरलं.”

“पाणी,” नानांनी मान हलवली. “आमच्या चुलत्यांचंही तेच झालं. कुणाला दाखवलं होतं?”

“आक्राहून माणूस आणला होता. तो म्हणाला, पाय अजून भक्कम आहेत, पण वरचं सगळं उघडावं लागेल.”

“आणि उघडलं नाहीत?”

“पैसे कुठे होते?” मास्तर म्हणाले. नानांनी डोळे पुसले आणि मास्तरांचा हात हातात घेऊन दाबला.

मग नाना उठले. कुमासीकरांच्या वतीने त्यांनी पाकीट दिलं, शीतपेयांचे क्रेट उतरवले, आणि माइकवाल्याने रिवाजाप्रमाणे त्यांचं नाव साऱ्या गावाला ऐकू जाईल असं पुकारलं. त्याचा परिणाम ताबडतोब झाला. परगावचे लोक ओटू हॉलसाठी देतात आणि आपण घरात बसतो, ही गोष्ट एसुआनोच्या अब्रूला झोंबली. मासे वाळवणाऱ्या बायका आल्या, लॉरीवाले आले, चर्चमधल्या दोन पक्षांचे पुढारी आले आणि एकमेकांवर कुरघोडी करत देऊ लागले. बँडने धून धरली. कुमासीच्या बायका हातांनी दुःख सांगत संथपणे नाचू लागल्या, गावच्या बायका त्यांच्यात मिसळल्या. मास्तरांच्या मनात नवं छप्पर चढूनही झालं.

तेवढ्यात नाना पुन्हा त्यांच्या कानाशी वाकले. घडी केलेलं सुंदर विणलेलं वस्त्र दाखवून म्हणाले, “हे पेटीत ठेवायला आणलंय. त्यांना कुठे ठेवलंय तेवढं सांगा. आमच्या पुतण्याचा फोन काही लागत नाही, आणि त्याच्या सासऱ्यांना आम्ही कधी पाहिलंही नाही. निदान आज तोंड बघू.”

मास्तरांना एकदम आठवलं. पलीकडच्या अक्वासो गावात त्याच दिवशी कुणा म्हाताऱ्या ओटूंची अंत्ययात्रा होती, हे त्यांनी ऐकलं होतं. नाक्यावर बसवाल्याने ‘ओटूंचा कार्यक्रम कुठे’ म्हणून विचारलं असणार आणि कुणीतरी इकडे बोट दाखवलं असणार. दाखवणाऱ्याची चूकही म्हणता येत नव्हती.

ते आंटी एकुआंकडे धावले. आंटींनी ऐकून घेतलं, नाचणाऱ्यांकडे पाहिलं, भरलेल्या निधीच्या पेटीकडे पाहिलं आणि जेवणं होईपर्यंत गप्प बसायचा सल्ला दिला. भरल्या पोटी माणूस कमी चिडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मास्तरांना ते पटलं नाही. पण पटलं नाही म्हणून लगेच सांगायचं धाडसही झालं नाही. ते हॉलच्या आत जाऊन खांबाआड उभे राहिले. तिथे त्यांचा फोन वाजला. डॅडझीसाहेब होते. आवाज कुजबुजता.

“मास्तर, तुम्ही आहात कुठे?”

“मी हॉलपाशी. तुम्ही?”

“मी पोचलोय केव्हाचा. भाषणही झालं. पण मास्तर, इथे पेटीत एक माणूस झोपलाय.”

थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. साहेब मागच्या सीटवर भाषण पाठ करत असताना त्यांच्या ड्रायव्हरनेही नाक्यावर ‘ओटूंचा कार्यक्रम’ विचारला होता. अक्वासोला मांडव, खुर्च्या, ओटूंचा फोटो, सगळं जिथल्या तिथे. मोठी गाडी पाहून लोकांनी साहेबांना पुढे बसवलं आणि माइक दिला. माइक हातात आला की साहेब आजूबाजूला बघत नसत. त्यांनी सांगून टाकलं, की ओटू जुने झाले असतील, पण त्यांना मातीत घालायची घाई कोणी करू नये. आपण महिनाभरात त्यांना पुन्हा ताठ उभं करू. किडलेलं काढून टाकू, वरचा भाग नवा बसवू, वरून रंगाचा हात देऊ. खर्चाची काळजी कोणी करू नये, हा डॅडझीचा शब्द आहे.

“मग?” मास्तरांनी विचारलं.

“मग काय? त्यांना वाटतंय मी आक्राहून आलेला कुणी सिद्धपुरुष आहे. दफन थांबवलंय. शेजारच्या गावांतून माणसं येतायत. एक म्हातारी माझ्या गाडीला टेकून बसली आहे. म्हणते, आधी उठवा, मग जा.”

आता खांबाआड राहण्यात अर्थ नव्हता. मास्तर बाहेर आले, बँड थांबवला आणि माइक हातात घेतला. प्रार्थना असेल म्हणून सगळे उभे राहिले, त्यामुळे सांगणं आणखीच जड झालं. पण त्यांनी सांगितलं. हे ओटू केव्हाच गेलेले आहेत, इथे मयत नाही, एक इमारत आहे, आणि चूक पाहुण्यांची नसून आपली आहे. कळल्यावरही आपण काही वेळ लपून राहिलो, हेही त्यांनी सांगितलं. पाकीट आणि क्रेट जसेच्या तसे नानांपुढे आणून ठेवले.

गावच्या बायका कुमासीच्या बायकांपासून दोन पावलं मागे सरल्या. नाना ड्वोमोंच्या बहिणीचा आवाज रडून रडून बसला होता. ती पुढे आली.

“म्हणजे मी इतका वेळ रडले ती कुणासाठी?”

“या हॉलसाठी, आई,” मास्तर म्हणाले.

तिने पदर खांद्यावर घेतला आणि पहिल्यांदाच हॉलकडे नीट पाहिलं. लोंबणारा सज्जा, एका बिजागरीवर अडकलेली खिडकी, आणि छपराच्या भोकातून दिसणारं आभाळ.

“रडण्यासारखाच आहे,” ती म्हणाली.

आधी नाना हसले. मग बसमधले हसले, मग गाव. पण हसण्यात घालवायला वेळ नव्हता. तिकडे डॅडझीसाहेब अडकले होते आणि कुमासीचे व्याही आले नाहीत म्हणून अक्वासोचं घर अपमानाने धुमसत असणार. आंटी एकुआंनी निर्णय घेतला. बँडला दिवसभराचे पैसे दिलेलेच आहेत, जेवणही तयार आहे, तेव्हा सगळ्यांनीच जायचं. बसेसमागून लॉऱ्या निघाल्या, त्यात भाताची पातेली, तळलेले मासे आणि निम्मं एसुआनो.

अक्वासोला थोरला मुलगा भांडणाच्या तयारीनेच उभा होता. पण नाना ड्वोमो बँड वाजवत, दोन गावांची माणसं मागे घेऊन उतरले, तेव्हा तो भांडण सोडून खुर्च्या गोळा करायला धावला. इतकी मोठी अंत्ययात्रा त्या बाजूला कुणी पाहिली नव्हती. वस्त्र पेटीत गेलं, नानांच्या बहिणीने बसलेल्या आवाजात पुन्हा रडून घेतलं, आणि पापा ओटूंचं दफन थाटात पार पडलं.

डॅडझीसाहेब थंड झालेल्या भाताची बशी मांडीवर घेऊन बसले होते. सगळा खुलासा झाल्यावर ते हळूच उठले आणि गाडीकडे सरकू लागले. गाडीला टेकलेली म्हातारी, म्हणजे गेलेल्या ओटूंची बहीण नाना एफुआ (तिकडे वडीलधाऱ्या बायकांनाही मानाने नानाच म्हणतात), जागची हलली नव्हती.

“बस,” ती म्हणाली. “तू शब्द दिलास.”

साहेबांनी समजावलं, की तो शब्द या ओटूंसाठी नव्हताच, ती हॉलची गोष्ट होती.

“मग हॉलला उभा कर. माझ्या भावाला उठवणं नाही जमलं, ते मी समजून घेईन. पण मयताच्या उशाशी बोललेला शब्द आहे. तो तिथे वर घेऊन गेलाय. परत कसा मागवणार?”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. दोन गावं आणि कुमासीच्या दोन बसेस त्यांच्याकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना भाषण सुचलं नाही. त्यांनी खिशातून फोन काढून आपल्या मुकादमाला लावला. नाना एफुआंनी तो मोठ्या आवाजावर ठेवायला लावला. मुकादम म्हणाला, सोमवारी पत्रे आणि लाकूड घेऊन निघतो. उद्याच का नाही, असं म्हातारीने फोनमध्ये विचारलं. उद्या रविवार, चर्च असतं, असं मुकादमाने घाबरत सांगितलं. ते तिने मान्य केलं.

कुमासीकरांनी परत जाताना बस हॉलपाशी थांबवली आणि दुसरं पाकीट दिलं. पहिलं व्याह्यांना गेलं, हे इमारतीला, असं नाना ड्वोमोंनी माइकवाल्याला पुन्हा पुन्हा बजावलं.

सोमवारी लॉरी आली. तिच्याआधी नाना एफुआ आल्या होत्या. भाच्याच्या मोटारसायकलवर बसून, सोबत स्वतःची खुर्ची. झाडाच्या सावलीत बसून त्यांनी सुतारांचं काम सुरू करून दिलं. कोणी उगाच बसलेला दिसला की त्या नुसतं खाकरायच्या. डॅडझीसाहेब दर दोन दिवसांनी यायचे, आणि त्यांच्या अंगावर चुना लागलेला गावाने पहिल्यांदाच पाहिला.

एका दुपारी मास्तर नाना एफुआंसाठी आंटी एकुआंच्या भट्टीतला गरम पाव घेऊन गेले. छपराचे वासे चढले होते. सुतार सज्ज्याच्या फळ्या तासत होते. म्हातारीने पावाचा तुकडा मोडला आणि मान वर करून हिरव्या खिडक्यांकडे बघत राहिली.

“मास्तर, वरून समुद्र दिसतो?”

“दिसतो, नाना. पार केप कोस्टपर्यंत दिसतो. जिना तेवढा व्हायचा आहे.”

“होऊ दे,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची सरकवून जिन्याच्या दाराशी नेली. “पहिली मी चढणार.”