टॉवेल देऊ?

बायकोला माहेरी जाणाऱ्या गाडीत बसवतानाच मास्तरांनी जाहीर केलं, "परत येशील तेव्हा आपलं बाथरूम ओळखणार नाहीस."

"तीच तर धास्ती आहे," बायको म्हणाली. "प्लंबरला बोलवा हो."

पण मास्तर शाळेत गणित शिकवत, आणि गणिताच्या मास्तरला जगात काहीच अवघड वाटत नाही. प्लंबरने सांगितलेला खर्च त्यांनी ऐकून घेतला आणि त्याचं गणित कच्चं आहे असं ठरवून टाकलं. बाथरूम होतं तरी केवढं? साबण लावताना कोपर वळलं की नळ सुरू व्हायचा. शेवाळी रंगाच्या टाइल्स, डागाळलेला आरसा आणि कोपऱ्यात एक गंजकी जाळी, जिच्यातून पाणी स्वतःच्या मर्जीने जायचं. टाइल्सना रंग मारायचा, आरसा बदलायचा, जाळी नवी घालायची. झालं काम.

जाळी उचलली तर खाली एक वाटी निघाली, केसांनी गच्च भरलेली. पाणी तुंबतं ते हिच्यामुळेच, असं म्हणत मास्तरांनी ती उपटून फेकून दिली आणि वर चकचकीत जाळी बसवली. पाणी असं घळाघळा गेलं की मास्तरांनी आपली पाठ आपणच थोपटून घेतली. त्या वाटीत पाणी साचून राहतं म्हणून खालचे वास आणि आवाज वर येत नाहीत, हे गणिताच्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर नव्या रंगाकडे कौतुकाने बघत, गुणगुणत आंघोळ करत होते. तेवढ्यात पायाखालून कोणीतरी विचारलं, "टॉवेल देऊ?"

मास्तरांच्या हातातला मग हवेतच राहिला. घरात दुसरं कोणी नव्हतं. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता आणि त्यात फार माया होती. अंगावर काटा आला तो त्या मायेमुळेच.

"न... नको," मास्तर म्हणाले. विचारल्यावर उत्तर द्यावं, असे संस्कार.

खालून लगेच उलटा सल्ला आला. "घसा बसलाय गं तुझा. मध घे थोडा."

मास्तर भिंतीला चिकटले आणि तसेच साबणासकट बाहेर पळाले. ओल्या रंगामुळे पाठीवर निम्मी भिंत आली आणि भिंतीवर निम्मी पाठ उमटली.

त्यानंतर मास्तर स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये मान घालून आंघोळ उरकू लागले. भुतांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण भुतांना ते कुठे ठाऊक होतं? तरी रंगाचा ब्रश धुवायला एकदा आत जावंच लागलं. नळ सोडताच जाळी म्हणाली, "तुझ्या निळ्या झग्याची शिवण उसवली होती ना, ती घातली बघ. कपाटात ठेवलाय."

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. इमारतीत शिंपी एकच, खालच्या मजल्यावरचे काका. त्यांच्या जाळीखालची वाटी कधीच फुटून गेली होती, म्हणजे दोन्ही जाळ्यांच्या मध्ये आता नुसता पोकळ पाइप. काकू गेल्या वर्षी वारल्या. काकूंची आंघोळ तासभर चालायची, गुणगुणत. आणि काका बाहेर टॉवेल घेऊन उभे असायचे.

मास्तरांना आधी हसू आलं, मग ते ओसरलं. म्हातारा माणूस बायको परत आली असं समजून बोलत होता, आणि आत होते मास्तर! वाटी परत बसवली तर काकांची काकू दुसऱ्यांदा जाणार. न बसवावी, तर ही फसवणूक चालूच राहणार. मास्तरांना फार वाईट वाटलं. पण चुकीचं उत्तर तसंच सोडायची त्यांना सवय नव्हती. घराला कुलूप लावून ते खाली गेले.

दार काकांनीच उघडलं. हातावर टॉवेल होता.

"काका, तो आवाज... तो माझा होता. माझ्या हातून जाळीखालची वाटी निघाली. मीच गुणगुणत होतो."

काका स्टुलावर बसले. मग त्यांनी टॉवेलची घडी घालायला घेतली.

"म्हणजे घसा बसला नव्हता," ते म्हणाले.

"नाही, काका."

"मला वाटलंच. ती इतकी बेसूर कधी नव्हती."

मास्तरांना वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं. ते काही बोलणार, इतक्यात काकांच्या बाथरूममध्ये, जाळीतून, पाणी पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ गुणगुणणं. बाईचा आवाज, निवांत आणि अगदी सुरात.

वर एकच घर होतं, मास्तरांचं. त्याच्या वर गच्ची.

काका उठले. टॉवेल झटकून त्यांनी जाळीपाशी वाकून विचारलं, "टॉवेल देऊ?"

"थांबा हो," जाळी म्हणाली. "आत्ताच तर आलेय."

बायको माहेराहून परतली. रंग तिला आवडला. पाठ कोणाची उमटलीय, हे तिने विचारलं नाही, ओळखलं. "पण हा वास कसला? प्लंबरला बोलवून जाळी बघून घ्या."

"जाळीला कोणी हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले. लग्नानंतर इतक्या ठामपणे ते पहिल्यांदाच बोलले असतील.

हल्ली मास्तर आंघोळीला जाताना रिकाम्या बाथरूमच्या दारावर आधी टकटक करतात, आणि थोडं थांबून मगच आत शिरतात. बायको शेजारणींना कौतुकाने सांगते, चार दिवस बाईमाणूस घरात नसलं की पुरुषांना आपोआप वळण लागतं.