परिपूर्ण अर्जदार

विश्रांतवाडीतील श्री. रामदास भालेराव यांनी आपली पांढरी मारुती विकण्याचा निर्णय एका मंगळवारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना घेतला. कारण सबळ होते. चिरंजीव धम्मदीप हिंजवडीच्या एका कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसे आणि त्याबद्दल कंपनी त्याला बापाला लाज वाटेल इतका पगार देई. त्याने चंदेरी रंगाची नवी गाडी नोंदवली होती. ती महिनाअखेरीस येणार होती, आणि सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग होते.

"बाबा, ऑनलाइन टाकून देऊ. दोन फोटो, मोबाइल नंबर, बस. वीकेंडपर्यंत गाडी जाईल," धम्मदीप म्हणाला.

"गाडी जाईल हे मलाही माहीत आहे. कोणाकडे जाईल, हा प्रश्न आहे," रामदासराव म्हणाले.

रामदासरावांनी तेहतीस वर्षे एका सरकारी कार्यालयाच्या छाननी शाखेत काढली होती. छाननी म्हणजे आलेल्या अर्जात काय नाही ते शोधणे. एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही अर्जदाराच्या तोंडाकडे पाहिल्याचे कोणाला आठवत नाही. त्यांच्या निरोप समारंभात साहेबांनी जाहीर सांगितले, की भालेरावांच्या टेबलावरून अपुरा कागद कधी पुढे गेला नाही. पुरा कागदही फारसा गेला नव्हता, पण निरोप समारंभात कोणी इतक्या खोलात शिरत नाही.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात जुनी गाडी विकताना घ्यायच्या दक्षतेवर एक लेख आला आणि रामदासरावांची झोप उडाली. गिऱ्हाईक चक्कर मारतो म्हणून गाडी नेते ते परत येतच नाही. हातात पडलेला बँकेचा ड्राफ्ट खोटा निघतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, गाडी जाते पण कागदोपत्री नाव आपलेच राहते. मग तिने कोणाला उडवले, तिच्यातून कोणी काही पळवले, की पोलीस आपल्या दारात. या ओळीखाली त्यांनी दोनदा लाल रेघ मारली. पैशांचे एक वेळ काही नव्हते. पण भालेराव हे नाव त्यांनी जन्मभर डाग न लागता सांभाळले होते, आणि ते आता कोणा भलत्याच्या हाती चार चाकांवर गावभर फिरणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

शनिवारपर्यंत सत्तावीस कलमांची 'वाहन-विक्री नियमावली' तयार झाली. खरेदीदाराने नमुना 'अ' मध्ये तीन प्रतींत अर्ज करावा. सोबत ओळखीचा, राहण्याचा आणि वर्तणुकीचा पुरावा जोडावा. गाडी चालवून पाहायची असल्यास वाहन परवाना आणि उजव्या पायातील पादत्राण समितीकडे जमा करावे. चालवून पाहताना गाडी सुरू करू नये. समितीचे अध्यक्ष रामदासराव होते. सदस्य म्हणून पत्नी ललिताबाई यांची नेमणूक झाली, आणि त्यांना ती भाजी निवडताना कळवण्यात आली.

"अहो, गाडी विकताय की मुलीचं स्थळ बघताय?" ललिताबाईंनी विचारले.

"स्थळ बघताना एवढं कुठे बघतात!" रामदासराव म्हणाले, आणि ते खरेच होते.

ऑनलाइन जाहिरात पाहून आलेली पहिली अर्जदार पूर्णिमा नावाची संगणक अभियंता होती. तिला गाडी आवडली, किंमतही पटली. चप्पल जमा करण्याच्या कलमापाशी ती थबकली, "अंकल, सीरियसली?" असे म्हणाली आणि दोन्ही चपला घालून निघून गेली. तिच्या अर्जावर 'अर्जदारास स्वारस्य नाही' असा शेरा मारण्यात आला.

रविवारी धायरीहून कोंडीराम पोकळे आले. बरोबर त्यांच्या मंडळी, बायडाबाई होत्या. कोंडीरामांनी फॉर्मला हात लावला नाही. ते आधी गाडीखाली वाकले, मग बॉनेट उघडले, मग तेलात बोट बुडवून बोटाचा वास घेतला. बायडाबाई मागचे दार उघडून आत बसल्या आणि म्हणाल्या, "बसायला बरी हाय."

"हिचं गुडघं धरल्यात, साहेब," कोंडीराम म्हणाले. "बसमधी चढता येत न्हाई. दवाखान्याला न्यायचं म्हंजी दरवेळी कुणाचं तरी पाय धरायचं. तुमची गाडी ठेवल्याली दिसती नीट. पैसं आणल्यात. उद्या दोघं मिळून आरटीओत जाऊ, माझ्या नावावं करू, मगच चावी द्या."

ललिताबाईंनी तोपर्यंत चहाचे आधण ठेवले होते. रामदासरावांनी मात्र राहण्याचा पुरावा मागितला.

"पुरावा? आमी तिथंच ऱ्हातो की. आजा-पणज्यापास्नं."

"विजेचं बिल?"

"ते बापाच्या नावावं येतं. बाप वारून वीस वर्सं झाली."

"रेशन कार्ड?"

"त्येबी बापाचंच. तुमी या घरी, बापाचा फोटो दावतो."

रामदासरावांनी चष्मा काढला. मयत इसमाच्या नावे वीज वापरणारा, घासाघीस न करणारा आणि रोख रक्कम पिशवीत घेऊन फिरणारा इसम, असे तीन संशयास्पद मुद्दे त्यांनी नोंदवले. कोंडीरामांनी चहा घेतला, बायडाबाईंना हात देऊन गाडीतून उतरवले आणि ते पैशांची पिशवी घेऊन गेले. त्या रात्री ललिताबाईंनी नवऱ्याला भाजी वाढली, पण हवी का म्हणून विचारले नाही.

महिना संपायला चार दिवस उरले असताना श्री. पृथ्वीराज देशमाने यांचे आगमन झाले.

त्यांच्या हातात निळी फाईल होती. फाईलला अनुक्रमणिका होती. नमुना 'अ' तीन प्रतींत, सही चौकटीच्या आत, आणि मागितले होते दोन फोटो तर जोडले होते चार. वर्तणुकीचा दाखला, सोसायटीचे ना हरकत पत्र, लसीकरणाचे प्रमाणपत्र. ते बसण्यापूर्वीच त्यांनी उजव्या पायातला बूट काढून समितीपुढे ठेवला. आत मोजा धुतलेला होता.

"एक शंका होती, साहेब," देशमाने नम्रपणे म्हणाले. "कलम अकरात खरेदीदाराची छाननी सांगितली आहे, पण विक्रेत्याच्या छाननीची तरतूद दिसत नाही. नियम एकतर्फी राहतो."

रामदासरावांनी उठून देशमान्यांना स्वतःची खुर्ची दिली. तेहतीस वर्षे अशाच एका अर्जदाराची वाट पाहण्यात गेली होती आणि तो निवृत्तीनंतर, थेट बैठकीच्या खोलीत आला होता. त्यांनी तिथल्या तिथे कलम अकरा-क लिहून काढले.

"हस्तांतरणाचं मी स्वतः बघतो, आपण या वयात रांगेत कशाला उभं राहायचं?" देशमाने म्हणाले. "त्यासाठी आपले मूळ कागद लागतील. आधार, पॅन कार्ड, परवाना, रेशन कार्ड, निवृत्तीचं ओळखपत्र. बदल्यात माझे सगळे मूळ कागद आपल्याकडे राहतील. विश्वास वगैरे नकोच, साहेब. पावती करू."

"अहो, जरा थांबा," ललिताबाई म्हणाल्या. "यांनी गाडी बघितलीच नाही अजून."

"गाडीचे कागद बघितले ना," अध्यक्षांनी सदस्यांना समज दिली.

दोन्ही बाजूंनी पावत्या झाल्या, शिक्के बसले. देशमान्यांनी बँकेचा ड्राफ्ट दिला, बूट घातला आणि मारुती घेऊन गेले. फाटकाबाहेर पडताना त्यांनी वळण्याचा दिवाही लावला. असा माणूस सही करताना चौकट कशी ओलांडेल, असे रामदासराव ललिताबाईंना म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बँकेने ड्राफ्ट खोटा असल्याचे कळवले. देशमान्यांचा फोन एका केशकर्तनालयात लागला. आरटीओत चौकशी केली तर गाडी अजून भालेरावांच्याच नावावर होती, आणि ती कुठे आहे, कोण चालवतो आहे, तिच्यात काय भरले आहे, हे भालेराव सोडून कोणा भलत्यालाच ठाऊक होते. रामदासरावांनी निळी फाईल काखेत मारली. ते ललिताबाईंना घेऊन तडक चौकीत गेले.

चौकीत जयसिंग हवालदार होते. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तक्रारदाराचं ओळखपत्र?"

"मूळ कागद आरोपीकडे आहेत. या साक्षांकित प्रती."

"मुळाशिवाय प्रत चालत नाही."

रामदासरावांनी नकळत मान हलवली. हे वाक्य त्यांनी स्वतः हजारदा उच्चारले होते आणि त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

"मग तुमच्याजवळ मूळ काय आहे?"

"आरोपीचे कागद."

जयसिंग हवालदारांनी निळी फाईल उघडली. बराच वेळ ते पाने उलटत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आदर पसरला. "असे कागद बघायला मिळत नाहीत हल्ली," ते म्हणाले. "पण यावरून तर तुम्हीच देशमाने ठरता. आणि तक्रार आहे देशमान्यांवर. बसवून घेऊ का तुम्हाला?"

"अहो, फोटो बघा ना!" रामदासराव ओरडले. आयुष्यात प्रथमच ते कोणाला तोंडाकडे बघा म्हणत होते.

"फोटोवर काय असतं? माणूस सुटतो, वाळतो."

"हे माझे यजमान आहेत हो," ललिताबाई मध्ये पडल्या. "बत्तीस वर्षं झाली लग्नाला."

"लग्नाचा दाखला?"

लग्नाच्या वेळी विहारात शेजारीपाजारी जमले होते, वंदना झाली होती, जेवणे झाली होती. दाखला काढायचा राहून गेला होता. हवालदारांनी हळहळ व्यक्त केली आणि ते मूळचे दयाळू असल्यामुळे एक वाट दाखवली. नात्यात नसलेल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींनी 'हे गृहस्थ रामदास भालेरावच आहेत' असे लेखी दिले, की तक्रार नोंदवू. तोपर्यंत गाडीने काही केलेच, तर मात्र ती भालेरावांच्या नावावर आहे, हे त्यांनी आठवणीने सांगितले.

रामदासराव सोसायटीत परतले. सचिव दिगंबरपंत अठरा वर्षे त्यांच्याबरोबर कॅरम खेळत होते. "म्हणजे काय, ओळखतो की!" पंत म्हणाले. "पण लेखी? उद्या काही निघालं म्हणजे? त्यापेक्षा तोंडी कितीही वेळा विचारा." दुसऱ्या मजल्यावरच्यांना आधी वकिलाला विचारायचे होते. तळमजल्यावरच्यांनी दाराची साखळी न काढता, फटीतूनच सहानुभूती दाखवली. नवी गाडी आली, रिकाम्या पार्किंगमध्ये उभी राहिली, धम्मदीपने पेढे वाटले. पेढे सगळ्यांनी घेतले. सही कोणी केली नाही. "मी आता आहे तरी कोण, ललिता?" असे रामदासरावांनी एकदा जेवताना विचारले, आणि ललिताबाईंना ताटावर रडू आले.

तेव्हा आता राहता राहिलात आपण. या गृहस्थांना आपण चांगले ओळखता. त्यांचे घर, मंडळी, स्वभाव, नोकरी, खोड, सगळे आपल्याला ठाऊक आहे. आपण त्यांच्या नात्यातले नाही आणि प्रतिष्ठित तर आहातच. त्यांच्यासारखा वेडेपणा आपण कधी केला नसता, असे मघापासून आपल्या मनात येत आहे, तेही खरे असेल. फक्त एक सही हवी आहे, पेन इथेच आहे.

काय म्हणता? आधी त्यांचा एखादा कागद दाखवा?