इंदूताईंचा आठ मार्च

आठ मार्चला आमच्या बाळकुमच्या सोसायटीत कुणी गुलाबाचं फूल पुढे केलं, की इंदूताई ते घेतात, वास घेतात आणि विचारतात, "छान आहे. यंदा मागणी काय?"

देणारा गोंधळतो. फुलाबरोबर मागणीही असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

इंदूताई माझ्या शेजारी राहतात, एकट्याच. माजिवड्याच्या एका औषधांच्या कारखान्यात त्या पॅकिंगला होत्या. तिथल्या बायका दर आठ मार्चला गेटवर सभा घेऊन पाळणाघर मागायच्या. चौथ्या वर्षी ते मिळालं, तोवर इंदूताईंचा मुलगा शाळेत जायला लागलेला. "माझा नाही, पण बाकीच्यांची सोळा पोरं वाढली तिथे," हे त्या अशा सुरात सांगतात, की सोळाही त्यांचीच वाटावीत.

महिला दिनाच्या साडी-सेलचा मेसेज आला, की त्या थेट दुकानदाराला फोन लावतात. "अहो, कामगार बायकांनी रस्त्यावर उतरून मिळवलेला दिवस आहे हा. मला सूट नको, तुमच्याकडच्या मुली दिवसभर उभ्या असतात, त्यांना स्टुलं द्या." एकाने खरंच दिली. तेव्हापासून इंदूताईंचे ब्लाउजपीस तिथूनच येतात.

गेल्या वर्षी मी सोसायटीच्या कमिटीत होते. महिला दिनाला इंदूताईंचा सत्कार करायचं आम्ही ठरवलं. त्यांनी अट घातली.

"शाल घेते मी. पण झाडलोटीच्या बायका जिन्यात बसून डबा खातात. खालची खोली त्यांना द्या."

"तिथे गणपतीचं सामान आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"गणपती दहा दिवस येतो. ह्या रोज येतात."

सेक्रेटरींनी सामान हलवलं. वर पंखाही लावून दिला.

कार्यक्रम लांबत लांबत दुपारचा दीड वाजला. सत्काराला नाव पुकारलं, तर इंदूताई जागेवर नाहीत. मी शोधत खाली गेले. त्या खोलीत चौघी बायका जेवायला बसलेल्या आणि त्यांच्यात मांडी घालून इंदूताई. त्यांचा डबा मधोमध, जवळपास रिकामा.

"ताई, वर तुमचं नाव घेतायत."

"घेऊ देत गं." त्या हळूच म्हणाल्या, "कारखाना सुटल्यापासून माझ्या डब्यात कुणी हातच घातला नव्हता."

मी चपला काढून टेकले. इंदूताई मात्र त्या चौघींकडेच बघत होत्या.

"मग," त्यांनी विचारलं, "उद्या काय आणू?"