दोन हात सरकलेली जागा

मूल गावच्या बाजारात कोणाची जागा कुठली, हे चार कोपऱ्यांवरचे चार दगड सांगतात. बाप गेला तरी दगड हलत नाहीत. म्हणूनच जलालुद्दीन अत्तरवाल्याने सकाळी आपले चारही दगड दोन हात पूर्वेला सरकवले, तेव्हा शेजारचा धनराज दोरवाला ताडकन उभा राहिला.

"जलालभाऊ, माह्या जागेत काऊन घुसून राह्यले?"

घुसणं? या शब्दाने जलालुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कडुनिंबाची फांदी तोडल्यापासून उन्हाने बाटल्या तापत होत्या. गुलाब उडून चालला होता. माणसाने सावली शोधू नये? आणि त्याने काही मनाचं केलं नव्हतं. त्याची आठवीतली लेक अमरीन भूमिती घोकत होती, त्यातूनच त्याला मार्ग सापडला होता.

"सांग वं अमरीन, याले."

अमरीनने पुस्तकातून मान वर काढली नाही. "स्थानांतरण. आकृती फिरवायची नाई, उलटवायची नाई. सगळे बिंदू एकाच दिशेनं, सारखेच सरकवायचे. आकार तेवढाच राह्यते."

"ऐकलं? बोटभर तरी वाढली का माही जागा? मोजून घे."

धनराजने खरंच दोरीने मोजलं. वाढली नव्हती. तणतणत त्याने आपलेही दगड दोन हात पुढे नेले. पलीकडचा वारलू, सुपं-टोपल्या विकणारा, तोंडाला येईल ते बोलला. त्यालाही भूमिती ऐकवण्यात आली आणि तोही सरकला.

रांगेच्या टोकाला सुकरीबाई वाळल्या मासोळ्या घेऊन बसायची. जागा जेमतेम दोन हातांची, आणि पुढे नाली.

"मी का नालीत बसू, भाऊ?"

"त्याले मी काय करू?" जलालुद्दीन म्हणाला. "सारेच सरकले, तू बी सरक."

सुकरीबाई भांडली नाही. ती अमरीनपाशी येऊन बसली.

"पोरी, किती लांब सरकावं, असं लिवलं हाये का पुस्तकात?"

"नाई. कितीबी."

"आन् कोण्या बाजूनं?"

"कोणत्याबी. फक्त फिरवायचं नाई."

सुकरीबाईने टोपली जशीच्या तशी उचलली, साऱ्या रांगेसमोरून चालत आली आणि जलालुद्दीनने पश्चिमेला रिकामे केलेले दोन हात तिने भरून काढले. मग निवांत चार दगड मांडले.

"हे सरकणं नाई, हा जुलूम हाये," जलालुद्दीन कडाडला. "इथी ऊन किती हाये, पाह्यलं?"

"वाळल्या मासोळीले ऊनच पायजे, भाऊ."

"अमरीन, सांग इले."

अमरीनने टोपलीकडे नीट पाहिलं. "बरोबर हाये, अब्बा. फिरवली नाई तिनं."

जलालुद्दीनने पूर्वेकडे पाहिलं. तिथे धनराज दोऱ्या लावून बसला होता. पश्चिमेला सुकरीबाई. वाराही पश्चिमेचाच होता.

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याने गुलाबाची बाटली नाकाशी धरली, दोनदा हुंगली, बूच लावून परत ठेवली आणि शेजारी वळून विचारलं,

"बाई, मासोळी कशी लावली?"