सुलूआत्याचं इंजिन

आमच्या सुलूआत्याकडे कुणीही गेलं की चहाच्या आधी त्याला वजन विचारलं जातं. मग तो लग्नाची पत्रिका द्यायला आलेला नवरदेव असो की गॅसवाला. आकडा ऐकून ती मान हलवते आणि दुसरा प्रश्न टाकते, "आणि जोर?" इथे बहुतेकांची गडबड उडते. लग्न ठरल्यावर माझ्या बायकोलाही पहिल्याच भेटीत हे दोन्ही प्रश्न झाले होते. तुमच्या घराण्यात हे कुठून आलं, असं ती अजून मला विचारते. मी सांगतो, इंजिनातून.

शिवाजी पार्कच्या मागे एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर आत्याचं घर आहे. इतरांच्या घरात जिथे दिवाण आणि लोड असतात, तिथे आत्याकडे लोखंडी चौकटीवर एका छोट्या मोटारीचं तीन सिलिंडरचं इंजिन होतं. लोक पाहुणे आले की पसारा झाकतात. आत्या इंजिनावरची चादर काढायची. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला जाई, आणि नैवेद्य म्हणून नवं ऑइल.

हे इंजिन तिला विमानाला लावायचं होतं. विमान मात्र तिच्याकडे नव्हतं, ते प्रधानांकडे होतं. म्हणजे ही वेडं एका घरात मावणारी नव्हती, म्हणून दोघांनी वाटून घेतली होती.

आत्या कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. एका स्थळाबद्दल ती आजोबांना म्हणाली होती, "वजन जास्त आणि जोर कमी आहे," आणि त्यानंतर आजोबांनी स्थळं आणणं बंद केलं. प्रधान बोटीवर इंजिनियर होते. पत्नी गेल्यावर गिरगावात एकटे राहायचे. तरुणपणी ते क्लबातून विमान चालवायला शिकले होते, आणि ते खूळ समुद्रावरही उतरलं नव्हतं. कॉलेजात इंजिनांवर व्याख्यान द्यायला आले असताना आत्याने मागच्या बाकावरून त्यांची चूक काढली. त्यांना राग आला नाही. ओळख तिथेच झाली. तेव्हापासून आत्या त्यांना 'प्रधानसाहेब' म्हणते, ते तिला 'बाई' म्हणतात, आणि याहून जवळ जाण्याचा प्रयत्न दोघांपैकी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

पेणच्या पुढे प्रधानांची आंब्याची बाग आहे. तिथल्या शेडमध्ये ते स्वतःच्या हातांनी दोन माणसांचं विमान बांधत होते. विमानाचं खरं इंजिन घ्यायचं तर गिरगावातलं घर विकावं लागलं असतं. म्हणून कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मोटारीचं इंजिन आलं आणि आत्याच्या दिवाणाच्या जागी विराजमान झालं.

आता कुणी म्हणेल, इंजिन ते इंजिन, लावा पंखा आणि उडा. असं मी एकदा म्हणालो होतो. आत्याने मला बसवून घेतलं. मोटारीचं इंजिन, ती म्हणाली, सरकारी नोकरासारखं असतं. जन्मभर अर्ध्या ताकदीवर काढतं आणि चढाव आला की तेवढं कण्हतं. विमानात मात्र त्याला सतत ओव्हरटाइम. शिवाय ते फिरतं फार जोरात. पंखा तेवढ्या वेगाने फिरवला तर तो नुसता बोंबलतो, ओढत नाही. म्हणून मध्ये पट्टा घालून वेग कमी करायचा. पट्टा घातला की दांड्याला पीळ पडून थरथर सुरू. ती थांबवली की इंजिन तापतं. त्याला रेडिएटर लावला की वजन वाढतं. एवढं झाल्यावर मी विचारलं की हे आकाशात बंद पडलं तर?

"रस्त्यात गाडी बंद पडली की आपण खाली उतरतो," आत्या म्हणाली. "तिथेही उतरतोच."

मी विमा कंपनीत आहे. विमा आणि विमान यांत एका 'न'चा फरक आहे आणि तो नकाराचा आहे, हे मी तिला परोपरीने सांगून पाहिलं. तिने माझं वजन विचारलं.

पहिली चाचणी इमारतीच्या मागच्या अंगणात झाली. चौकट जमिनीत रोवली, पंखा बसवला. सोसायटीच्या अध्यक्षांना आत्याने सांगितलं होतं की थोडा वारा येईल. अध्यक्षांना वाटलं, चांगलंच आहे, मे महिना आहे. त्यांच्या पत्नीने त्याच अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि मग जे सुरू झालं, त्याला वारा म्हणणं म्हणजे त्या अध्यक्षांना वक्ते म्हणण्यासारखं होतं. कुरडया चादरीसकट उठल्या आणि शेजारच्या सोसायटीत उतरल्या. आत्याने तो सगळा प्रवास नीट पाहिला आणि ओढ चांगली आहे असा शेरा दिला.

त्यावर सभा भरली. निवासी इमारतीत विमान चालवता येतं का, यावर तासभर चर्चा झाली. आत्याचं म्हणणं एवढंच होतं की विमान इथे नाहीच, इथे फक्त इंजिन आहे, आणि मोटारीचं इंजिन तर सगळ्यांच्याच दारात उभं आहे. मुद्दा बिनतोड होता. म्हणून तो मतदानाने फेटाळण्यात आला. इंजिन टेम्पोत बसून पेणला गेलं.

मला वाटलं, सुटलो. पण आता दर रविवारी आत्याला पेणला नेणं-आणणं माझ्याकडे आलं. इंजिन विमानावर चढलं. प्रधान आत बसून ते सुरू करत, बागेमागच्या पडीक जमिनीवर विमान थोडं पुढे घेत, आणि आत्या हात वर करून ते थांबवी. कधी पट्टा सैल वाटे, कधी पाणी तापलेलं. मोटारीच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला एकच प्लग असतो, तो दगा देईल म्हणून ठिणगीची दुसरी सोय करण्यात एक अख्खा पावसाळा गेला. उडण्याच्या परवानगीचे कागद कुठल्याशा टेबलावर निजले होते. प्रधानांचं म्हणणं, चार फूट वर गेलो तर त्याला उडणं नाही, उडी म्हणतात, आणि उडीला परवानगी लागत नाही. आत्या ती उडीही मारू देईना. आमच्या घरात तोवर 'आत्याचं विमान' हा वाक्प्रचार झाला होता. नळ दुरुस्त करणारा येतो म्हणून आला नाही की आई म्हणे, आत्याचं विमान झालंय.

गेल्या दिवाळीआधी प्रधानांनी सांगितलं की ते बंगळुरूला मुलीकडे राहायला जाणार आहेत. गुडघे कुरकुरत होते, मुलगी ऐकत नव्हती. बागही विकायचं ठरलं होतं. जाण्याआधीच्या रविवारी तरी ती उडी मारू, एवढंच त्यांनी मागितलं. आत्या म्हणाली, बघू.

त्या रविवारी सकाळी इंजिन एका दमात सुरू झालं. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण इतकं एकसुरी, शांत चाललेलं मीही कधी ऐकलं नव्हतं. प्रधानांनी हेल्मेट घातलं. विमान हललं, वेग घेऊ लागलं आणि आत्या पुढे जाऊन हात वर करून उभी राहिली. प्रधानांनी इंजिन बंद केलं. ती म्हणाली, आवाज बरोबर नाही.

प्रधानांनी हेल्मेट काढलं. ते मांडीवर घेऊन बसून राहिले. मी आत्याला आंब्याखाली नेलं आणि प्रथमच तिच्यावर चिडलो. त्या माणसाचा हा शेवटचा रविवार आहे, आवाजात काहीही खोट नाही, हे त्यांनाही कळतंय, असं सगळं बोललो. त्यांना उडू द्यायचंच नव्हतं तर एवढी वर्षं घालवली कशाला, असंही विचारलं. आत्या हातावरचं ग्रीस पुसत होती. 

"आवाजाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "गेल्या वर्षीही झालेलं नव्हतं."

"मग?"

"ते जाणार, ते ठीक आहे रे. बंगळुरूहून माणूस फोन तरी करतो."

एवढं बोलून ती पाठ फिरवून उभी राहिली. विम्याच्या धंद्यात माणसाच्या नसण्याची किंमत मी रोज ठरवतो, पण ती अशी मोजलेली कधी पाहिली नव्हती.

हे प्रधानांना ऐकू गेलं की नाही, मला ठाऊक नाही. बोटीच्या इंजिनरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाचे कान तसे अधू असतात. पण थोड्या वेळाने ते उतरले, गुडघा धरून हळूहळू चालत आले आणि म्हणाले, "बाई, उडी राहू द्या. जमिनीवरूनच एक चक्कर मारू. दुसरी सीट रिकामीच आहे."

आत्या म्हणाली, उगाच काहीतरी. मग साडीचा पदर खोचला आणि गेली. तिला आत चढवायला आम्ही दोघे लागलो.

विमान पडीक जमिनीवरून धूळ उडवत बांधापर्यंत गेलं, वळलं आणि परत आलं. चाकं जमिनीवरच होती. मोटारीचं इंजिन अखेर मोटारीचंच काम करत होतं, आणि दोन म्हातारी माणसं चौपाटीवर फेरी मारायला निघाल्यासारखी समोर बघत बसली होती. माझ्यासमोर आल्यावर थांबतील असं वाटलं. थांबली नाहीत. पुन्हा बांधाकडे गेली. आणि पुन्हा. मी सावलीत जाऊन डबा उघडला.

पेट्रोल संपत आलं तेव्हा ती दोघं उतरली. आत्याचे केस पिंजारले होते आणि चष्म्यावर धूळ बसली होती. प्रधानांनी तिला विचारलं की आज जवळून ऐकलात, तर आवाज कसा वाटला.

"आज माझं लक्ष नव्हतं," आत्या म्हणाली.