शेवटच्या सोळा वाती

कंपनीची दुसरी ताकीद आली ती भीमाबाईंमुळे, आणि त्या वेळी भीमाबाई देवघरापुढं पाय दुमडून वाती वळत बसल्या होत्या.

"आई," दिशा खुर्चीतून वळून म्हणाली. कानावरचा हेडफोन गळ्यात आला होता आणि तोंड एवढंसं झालं होतं. "तू कुठला गेम खेळतीयस?"

"मी? मी कशाला खेळू बाई? वाती वळतीय."

"कंपनी म्हणतीय, खेळतीयस."

दिशा ही भीमाबाईंची एकुलती एक लेक. 'रणकल्लोळ' नावाचा कॉम्प्युटरवरचा लढाईचा खेळ ती असा खेळायची, की गेल्या दिवाळीत खेळ बनवणाऱ्या कंपनीनं तिला थेट आपल्या संघात घेतलं. देवळाली प्रवऱ्यातली पोरगी पुण्यात मोठ्या स्टेजवर अंतिम सामना खेळणार, म्हणून भावकीनं पेढे खाल्ले. रोज दुपारी दोन तास तिनं खेळताना लाइव्ह यायचं आणि लोकांनी ते बघायचं, असं ठरलं. करार बत्तीस पानांचा होता. त्यातली एकतीस पानं कुणाला कळली नाहीत. जे एक कळलं, त्यात लिहिलं होतं की लाइव्ह चालू असताना दुसरा कुठलाही खेळ दिसता कामा नये, ऐकू येता कामा नये, त्याचं नावसुद्धा निघता कामा नये. तीन ताकिदी झाल्या की संघातून नाव कट.

निवड झाली त्या पाडव्याला भीमाबाई देवापुढं बोलून बसल्या होत्या. लाख वाती वळीन, आणि लाख पुऱ्या होईस्तोवर कुणावर आवाज चढवणार नाही. पोरीची जागा तेवढी राख. गावाला वातींचं काही वाटलं नाही, आवाजाचं मात्र नवल वाटलं. भीमाबाईंचा आवाज पूर्वी प्रवरेच्या पुलापर्यंत जायचा. दुधात पाणी दिसलं म्हणून त्या एकदा आसाराम दूधवाल्यावर अशा काही कडाडल्या होत्या, की तो आजतागायत कॅन ओट्यावर ठेवून त्या बाहेर यायच्या आत सटकायचा.

नेम त्यांनी निगुतीनं सांभाळला. राग आला की ओठ मिटायचे आणि एक वात वळायची. शंभर झाल्या की दोऱ्यानं जुडी बांधायची आणि पाटावर खडूनं आखलेल्या घरांतून एक चिंचोका पुढं सरकवायचा. हजार चिंचोके सरकले की लाख भरले. रोज तीन चिंचोके, म्हणजे पुढच्या दिवाळीला सांगता. हा हिशोब त्यांनी घातला, तेव्हा कंपनीनं अजून सगळ्यांचे लाइव्ह तपासणारं यंत्र बसवलं नव्हतं.

ते जूनमध्ये बसलं. आणि जूनमध्ये सहादेवराव घरी होते. ते शुगर फॅक्टरीच्या वजनकाट्यावर हंगामी कामाला. गाळप बंद झालं की माणूस रिकामा. दिशाच्या मागच्या खाटेवर पडून ते मोबाईलवर लुडो खेळत होते आणि ऐन लढाईत ओरडले, "सहा! आलं की न्हाई सहा!" पहिली ताकीद ती.

भीमाबाई नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं आणि त्या दिवशी आठ चिंचोके सरकवले. सहादेवराव आपणहून लुडो घेऊन गोठ्यात राहायला गेले.

आणि आता ही दुसरी. यंत्राला दिशाच्या मागं, देवघरापुढच्या पाटावरची घरं आणि त्यांतून सरकणारे चिंचोके दिसले होते.

कंपनीचा पार्थ म्हणून एक मुलगा होता, खेळाडूंचं सगळं बघणारा. त्याचा फोन आला. दिशानं तो स्पीकरवर टाकला.

"काकू, नमस्कार. रागवू नका हं, फक्त फॉर्म भरायचाय. गेमचं नाव काय?"

"साहेब, ह्यो गेम न्हाई. लाखवात हाय."

"लाख... वात. ओके. पब्लिशर कोण?"

"कोन?"

"अगं, कोन छापतं इच्यारत्यात," गोठ्याकडून सहादेवराव म्हणाले.

"कुनी छापत न्हाई साहेब. देवासाठी असतंय."

"म्हणजे मालकी देवस्थानकडे. ओके. बरं, मधूनमधून तुम्ही एक सीड पुढं सरकवता?"

"चिंचोका. व्हय. शंभर वातींला एक."

"म्हणजे पॉइंट्स आहेत."

"पॉइंट न्हाई साहेब. मोजदाद हाय."

"आणि सगळे सरकले की?"

"मंग उद्यापन."

"म्हणजे फायनल लेव्हल," पार्थ म्हणाला आणि त्यानं ते लिहून घेतल्याचा टकटक आवाज आला. "काकू, मला पर्सनली पटतंय. पण सिस्टिमला बोर्ड दिसला, घरं दिसली, सोंगट्या दिसल्या. ताकीद राहणार. पुढच्या वेळी पडदा लावा."

भीमाबाईंच्या हातात कापूस होता. त्यांनी तो इतका घट्ट पिळला की वात सुईसारखी झाली. "बरं साहेब," त्या म्हणाल्या. त्या दिवशी अकरा चिंचोके सरकले.

पडदा कंपनीनंच पाठवला. त्यावर तलवार घेतलेला एक लालभडक राक्षस होता. तो बरोबर देवघराच्या तोंडावर आला. रोज दुपारी दोन तास भीमाबाईंचे देव राक्षसाच्या पाठीमागं. भीमाबाई राक्षसाच्या टाचेशी बसून वाती वळायच्या आणि यंत्राला चिंचोके दिसू नयेत म्हणून पाट पदराखाली घ्यायच्या.

तेवढ्यानं भागलं नाही. एकदा लाइट लुकलुकली, खेळ जागच्या जागी थिजला आणि दिशा सहज बोलून गेली, "गेम अडकला बहुतेक." संध्याकाळी पार्थचा निरोप. आमच्या गेमबद्दल नकारात्मक शब्द चालत नाही, उद्या सुधारून बोला. दुसऱ्या दिवशी दिशानं कॅमेऱ्याकडं बघून सांगितलं, "रणकल्लोळ अतिशय छान चालतो." ती हे म्हणत असताना तो पुन्हा अडकलेला होता.

"अडकलं त्याला अडकलं म्हनायचं न्हाई?" भीमाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"नाही, आई."

"मंग काय म्हनायचं?"

"काहीच नाही म्हणायचं."

भीमाबाई नऊ चिंचोक्यांनंतर उठल्या. आषाढ सरेपर्यंत वातींनी वेताचे दोन हारे भरले. सहादेवराव येता-जाता पाटाकडं बघायचे. एक दिवस त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा पडला. दिवाळीला संपायचा नेम नागपंचमीलाच संपत होता. नेम संपला की आवाजही मोकळा होणार, हे त्या घरात फक्त त्यांनाच सुचलं होतं.

नागपंचमीला भीमाबाईंनी तवा ठेवला नाही, विळीला हात लावला नाही, उकडीची दिंडं केली. अंगणात बायका जमल्या. शेजारची जाऊ बनुबाई सत्तरीला टेकलेली, पण फुगडीला अजून तिच्या तोडीची कुणी नव्हती. दिशाचं लाइव्ह चालू होतं, म्हणून भीमाबाईंनी खिडकी लावून घेतली होती. बनुबाईनं ती बाहेरून ढकलून उघडली आणि आत डोकं घातलं.

"ए दिशे! सणाचं काय त्या डबड्यात डोकं घालून बसलीस? ये की फुगडी खेळाया!"

दिशाला हसू फुटलं. "येते नंतर, काकी," ती म्हणाली.

दहा मिनिटांत तिसरी ताकीद. त्यात तीन गुन्हे होते. दुसऱ्या खेळाचं नाव घेतलं गेलं. कंपनीच्या खेळाला 'डबडं' म्हटलं गेलं. आणि खेळाडूनं दुसऱ्या खेळाचं आमंत्रण हसून स्वीकारलं. चार वाजता व्हिडिओवर सुनावणी, आणि तिथंच संघातून नाव काढायचं की नाही याचा निकाल.

दिशा रडली नाही. तिनं फक्त पुण्याला न्यायची बॅग कपाटावर टाकून दिली. दिवाळीपासून ती उशाशी भरून ठेवलेली होती. भीमाबाईंनी ते पाहिलं. त्या देवघरापुढं बसल्या, पाट पुढं ओढला. एकच चिंचोका सरकायचा बाकी होता.

चारला कॉम्प्युटरवर तिघं आले. पार्थ, एक टाय लावलेले साहेब आणि एक मॅडम. साहेब आणि मॅडम कुठून तरी लांबून इंग्रजीत बोलत होते. दिशा पुढं बसली. सहादेवराव दारात उभे राहिले. त्यांचं लक्ष कॉम्प्युटरकडं नव्हतंच, बायकोच्या बोटांकडं होतं.

"पहिला मुद्दा, फुगडी," पार्थ वाचू लागला. "हा दोन खेळाडूंचा फिरण्याचा खेळ असून..."

एक वात. दुसरी वात.

"साहेब, जरा आटपा," सहादेवराव म्हणाले.

"काका, प्रोसिजर आहे. खेळाडूनं आमंत्रण स्वीकारताना चेहऱ्यावर आनंद होता, असं सिस्टिमनं नोंदवलंय..."

भीमाबाईंच्या मांडीवर वात सरसर वळत गेली. कपाळावरची शीर उठली होती.

"साहेब, हात जोडतो, लौकर उरका. सोळा राहिल्यात."

"सोळा काय?"

"वाती!"

"काका, आपण विषयावर राहू या. मॅडम विचारतायत, त्या वयस्कर बाईंना कोणत्या स्पर्धक कंपनीनं पाठवलं होतं?"

"बनुबाईला? तिला कोन धाडनार? तिला कुनी आडवू शकत न्हाई." सहादेवराव पुढं झाले आणि कापसाचा गोळा हळूच पायानं सरकवू लागले. भीमाबाईंनी नुसती मान वर केली. पाय जागेवर आला. "साहेब, नऊ राहिल्या. मीटिंग उद्या ठिवा. माझं ऐका."

"आज निकाल द्यायचाच आहे. खेळाडूच्या घरातलं वातावरण आमच्या गेमला पोषक नाही, असं एकंदर..."

"चार," सहादेवराव पुटपुटले. "दिशे, आवाज कमी कर त्येचा."

"...आणि घरातल्या धार्मिक वस्तू कायमच्या दुसऱ्या खोलीत हलवाव्यात, अशी सूचना..."

शेवटची वात झाली. भीमाबाईंनी घाई केली नाही. जुडी बांधली, गाठ मारली, शेवटचा चिंचोका शेवटच्या घरात ठेवला. देवाला हात जोडले. मग उठल्या, राक्षसाचा पडदा खिळ्यासकट ओढून खाली टाकला आणि कॅमेऱ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"पार्थ!"

अंगणातली फुगडी थांबली. रस्त्यावरून चाललेल्या आसारामची सायकल कॅनसकट कलंडली.

"कुठं हलवू रं माझे देव? तुज्या घरी? नऊ म्हैने गप ऱ्हायले, तुमाला वाटलं हिला तोंडच न्हाई! लुडोचं आयकलं, ती आमच्या मानसाची चूक हुती. चिंचोक्याचं आयकलं. पोरीला खोटं बोलाया लावलंत, ती मान खाली घालून बोलली, ते बी गिळलं. आता ती हासली तर गुन्हा? काय रं, हासू बी तुमच्या मालकीचं?"

"काकू, करारात..."

"करारात माजी सही दाव! बनुबाईचा आंगठा दाव! कागुद पोरीचा हाय, आमच्या उंबऱ्याचा न्हाई. आरं, नेम मी बी करते. पर माज्या देवानं कधी म्हनलं न्हाई का दुसऱ्याच्या देवळात गेलीस तर तुजा दिवा इझवीन म्हून. मी दर्ग्यावर बी फूल वाहते, तरी तो माजी वात घेतो. नेम आपला आपन आपल्यावर घालायचा आसतो! दुसऱ्याच्या लेकीच्या गळ्यात बांधायचा नसतो!"

कॉम्प्युटरवर खेळ अडकल्यासारखेच तिघं थिजले होते.

"काढा तिचं नाव! खुशाल काढा! पर मंग मी पुन्याला येते. बनुबाईला आनते, तीस बाया आनते. तुमच्या त्या स्टेजपुढं, सगळ्या कॅमेऱ्यांच्या तोंडावर फुगडी घालतो. मंग लाव तुजं यंत्र आन् मोज किती ताकिदी व्हत्यात!"

"मी यीन!" खिडकीतून बनुबाई ओरडली.

मॅडमनी इंग्रजीत पार्थला काहीतरी विचारलं. पार्थनं घाम पुसला आणि इंग्रजीतच उत्तर दिलं. दिशानं तोंडावर हात घेतला.

"काय म्हनला ग?" भीमाबाईंनी विचारलं.

"मॅडमनी विचारलं, ह्या बाई काय म्हणाल्या. तर तो म्हणाला, त्या थोड्याशा नाराज आहेत."

निकाल त्या दिवशी लागला नाही. त्या रात्री कुणी फार जेवलं नाही. भीमाबाई देवापुढं बराच वेळ बसून होत्या. नेम पुरा करूनच आपण बोललो, की पुरा व्हायची वाटच बघत होतो, हे त्यांनी देवाला खरंखरं सांगून टाकलं.

चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. फुगडी, चिंचोके व वाती या बाबी 'घरगुती कामकाज' या सदरात टाकण्यात येत आहेत. दुसरी आणि तिसरी ताकीद मागे. खेळाडूची जागा कायम. दिशानं पत्र दोनदा वाचलं, आईच्या गळ्यात पडली आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

पत्रासोबत एक भलंमोठं खोकं होतं. त्यावर पार्थच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती. 'काकूंसाठी. दहा किलो कापूस. पुढचा लाख आजपासूनच सुरू करावा, ही कंपनीच्या वतीनं नम्र विनंती.'

सहादेवरावांचा जीव भांड्यात पडला. "शानं हाय पोरगं," ते म्हणाले. त्यांनी लगबगीनं पाट मांडला, घरं आखली, हजार चिंचोके मोजायला घेतले. भीमाबाईंनाही बरं वाटलं. त्या पाय दुमडून बसल्या, खोक्यातला पांढराशुभ्र पुंजका घेतला आणि मांडीवर वळू लागल्या.

वात वळेना. त्यांनी बोटं ओली करून बघितलं. पुंजका टुणकन उसळून पुन्हा फुगला. त्यांनी एक धागा निरांजनाच्या ज्योतीवर धरला. तो जळला नाही, वितळला, आणि काळा थेंब होऊन पाटावर पडला.

"अवो," भीमाबाई शांतपणे म्हणाल्या, "ह्यो कापूस न्हाई. उशीत भरायचा नायलॉन हाय."

सहादेवरावांच्या हातातले चिंचोके घरभर सांडले.

"आजून एक बी वात झाली न्हाई, म्हंजी नेम काय लागला न्हाई," भीमाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या. "दिशे, लाव त्या पार्थला फोन."