सोप्या अर्जाची पूर्वतयारी

कोणताही बदल एकाएकी होऊ नये. आधी त्याने लोकांना पुरेसा त्रास द्यावा, लोकांना त्या त्रासाची सवय व्हावी, आणि मगच तो व्हावा. सगळी चांगली कार्यालयं याच तत्त्वावर चालतात, आणि कॉलेजच्या फीसाठी मदत देणारं हे कार्यालय तर फारच चांगलं होतं.

या कार्यालयाने जाहीर केलं, की यंदापासून मदतीचा अर्ज सोपा होणार. जुन्या अर्जात ब्याण्णव प्रश्न होते, नव्यात सहाच. बातमी ऐकून पालकांत घबराट पसरली. (ब्याण्णव प्रश्न अंगवळणी पडले होते. सहाच म्हटल्यावर त्यात काहीतरी काळंबेरं असणार, हे कुणालाही कळतं.)

सगळ्यांत जास्त घाबरले टेलरमास्तर. त्यांच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मदत मिळाली तर ती शिकायला जाणार, नाही मिळाली तर दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर बसणार, इतकं ते सरळ होतं. मुलीला काजं-बटणं करण्यात रस नव्हता, आणि तिने केलेली काजं पाहिली तर बटणांनाही तो उरत नसे.

"बाबा, सहा प्रश्न आहेत. अर्धा तास लागेल," मुलगी म्हणाली.

"अर्ध्या तासात रुमालाला टीप मारून होते," मास्तर म्हणाले. "हे कॉलेज आहे."

कार्यालयालाही पालकांची काळजी होतीच. त्याने 'बदलपूर्व सज्जता वर्ग' काढला. दर शनिवारी दुपारी, वरच्या सभागृहात, बारा आठवडे. म्हणजे प्रश्नाला दोन आठवडे. पहिल्या आठवड्यात प्रश्न समजून घ्यायचा, दुसऱ्यात विसरायचा, कारण दरम्यान तो बदललेला असे. ('अर्जदाराचे नाव' हा पहिला प्रश्न तीनदा बदलला. मुलीचं नाव तिन्ही वेळा तेच आलं, याबद्दल कार्यालयाने तिचं लेखी कौतुक केलं.)

शिवाय वगळलेले शहाऐंशी प्रश्न होते. इतकी वर्षं सेवा केलेल्या प्रश्नांना असं वाऱ्यावर सोडता येत नाही. तेव्हा प्रत्येक पालकाने शहाऐंशी निवेदनं द्यायची ठरलं: 'सदर प्रश्न मला विचारलेला नाही, याची मला जाणीव आहे. विचारला असता तर माझे उत्तर पुढीलप्रमाणे असते.' दोन प्रतींत.

मास्तरांनी सगळी निवेदनं दिली. माणूस कसोशीचा. फक्त हाताला जन्माची सवय: कापड बेतताना दोन बोटं माया सोडायची, म्हणजे पोर वाढलं की उसवून सैल करता येतं. त्यामुळे 'घरात माणसे किती?' याचं उत्तर त्यांनी चारऐवजी साडेचार दिलं. आजीला दोन वर्षांनी वाढवलं. 'घरापासून कॉलेजचे अंतर' यापुढे लिहिलं, 'सव्वातीन किलोमीटर, धुतल्यावर तीन.'

खरा अर्ज मात्र त्यांनी पेन्सिलने भरला, बिनसहीचा, आणि मुलीला घेऊन खिडकीवर गेले.

"साहेब, ही कच्ची शिलाई आहे. पोरीला आणलंय. एकदा अंगाला लावून बघा, कुठे घट्ट होतोय का. मग पक्का करतो."

खिडकीवरच्या कारकुनाने तीस वर्षांत बरंच काही पाहिलं होतं, पण अर्ज घालून बघायला आलेली मुलगी पाहिली नव्हती. तो धावत मोठ्या साहेबांकडे गेला. मोठ्या साहेबांचे डोळे पाणावले. अर्जाच्या आधी अर्ज! आपल्याला कसं सुचलं नाही? दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं: यापुढे प्रत्येकाने प्रथम कच्चा अर्ज भरावा व तो अर्जदारास उभे करून, बसवून आणि एकदा वाकवून तपासून घ्यावा.

मास्तर एका दिवसात मोठे झाले. शनिवारच्या वर्गात तेच शिकवू लागले. गळ्यात टेप, समोर तीनशे नव्याण्णव पालक. "अति घाई संकटात नेई," ते सांगत, आणि तीनशे नव्याण्णव वह्यांत ते उतरवून घेतलं जाई. इकडे दुकानात दिलेल्या तारखा टळू लागल्या. (टेलरच्या बाबतीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.)

घरी मुलगी कॅलेंडरपुढे उभी राहिली. "बाबा, शुक्रवारी शेवटची तारीख. पक्का कधी करायचा?"

"अगं, बाराव्या वर्गात शिकवायचंय ते."

"बारावा वर्ग शनिवारी आहे."

"मग एका दिवसाने काय होतंय!"

आईने कात्री खाली ठेवली. "अहो, तुमच्या एका दिवसापायी नवरदेव सदऱ्यावर बोहल्यावर चढलेत. पोरीचं तसं करू नका."

शुक्रवार उजाडला. दुपारी साडेचारला सभागृहात 'सर्वाधिक सज्ज पालक' म्हणून मास्तरांचा सत्कार सुरू झाला. खालची खिडकी पाचला बंद होणार होती. मुलीने सहाही उत्तरं शाईने लिहिली होती (वीस मिनिटं लागली, त्यातली दहा पेन शोधण्यात गेली). उरली होती पालकाची सही. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली आणि थेट व्यासपीठावर गेली.

सभागृह माना उंचावून बघू लागलं. इतक्या आठवड्यांत शाईने भरलेला अर्ज कुणी पाहिलाच नव्हता. पहिल्या रांगेतल्या बेकरीवाल्याने हळूच त्याला बोट लावलं.

"खरा आहे?"

"हो, काका."

"एवढाच असतो?"

मास्तरांनी पेन घेतलं. "सहीला जरा जागा सोडू का? पुढेमागे वाढवायची झाली तर..."

"बाबा, चौकट आहे तेवढी करा. पाचाला पाच कमी आहेत."

त्या दिवशी मास्तरांनी आयुष्यात प्रथमच काम वेळेवर दिलं.

मुलगी कॉलेजात गेली. कार्यालयाचा अहवालही छापून आला. सज्ज पालक: चारशे. आलेले अर्ज: एक. मंजूर: एक. मंजुरीचं प्रमाण: शंभर टक्के. उरलेल्या तीनशे नव्याण्णवांना मदतीची गरजच नव्हती, हे आकड्यांनी सिद्ध झालं. पुढच्या वर्षी अर्ज आणखी सोपा होईल. प्रश्न तीन, वर्ग चोवीस.

त्या तीनशे नव्याण्णवांना कुणी आळशी म्हणू नये. मोठी सुजाण माणसं होती ती. दिलेलं सगळं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मन लावून वाचायची, अगदी आपल्यासारखी. आपणही हे वाचायला बसलात, तेव्हा कुठला तरी कागद भरून द्यायचा राहिलाच होता. त्याची खिडकी किती वाजता बंद होते, ते बघितलंत का?